छोट्या जातीचं पिल्लू घ्यायचंय, निवडताना नक्की काय बघायचं?

निळी_छत्री:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस घरात कुत्रा हवा, कुत्रा नको असं चाललं होतं, शेवटी हवा-वाल्यांची सरशी झाली. फ्लॅट लहान आहे, आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई असे चौघं राहतो, सासूबाई काठी घेऊन चालतात. मोठा कुत्रा झेपणार नाही यावर सगळ्यांचं एकमत, म्हणून पॉमेरेनियन किंवा शित्झू असं डोक्यात आहे, लेकीला मात्र पग हवाय कारण "तो कायम रडवेला दिसतो, मला त्याला हसवायचंय".

तर झालंय असं की ओळखीतल्या एकांच्या पॉमला पिल्लं झालीत, एका वेताची चार, त्यातली दोन आधीच कुणाकुणाला कबूल केलीत, राहिली दोन. एक मादी आहे ती आम्ही गेल्या गेल्या धावत आली आणि माझ्या बुटाच्या नाडीला जी लटकली ती सोडेचना. दुसरा नर, सगळ्यात बारका, तळहातावर मावेल एवढा, कोपऱ्यात बसून होता. लेकीचा जीव अर्थातच बारक्यावर जडलाय. पिल्लं सहा आठवड्यांची आहेत आणि ते लोक म्हणतायत आत्ताच न्या, लहानपणी नेलं की लळा लवकर लागतो.

यातलं कुठलं घ्यावं, की थांबावं? पिल्लू बघताना काय बघायचं, कारण मला तर सगळीच गोड दिसतात. आणि छोट्या जातीला खरंच कमी मेहनत लागते का? घरात सगळे तेच गृहीत धरून बसलेत आणि शेवटी निस्तरणार मी. जाणकारांनी लिहा, लांबलं तरी चालेल.

रात्रपाळी:

बाकीचं नंतर, आधी हे. सहा आठवड्यांचं पिल्लू आणू नका. आठ आठवडे हे कमीत कमी, आणि पॉमसारख्या इवल्या जातीत तर चांगले ब्रीडर दहा-बारा आठवडे झाल्याशिवाय पिल्लू हातात देत नाहीत. लळा काय, दोन दिवसांत लागतो हो, बारा आठवड्यांचं आणलं तरी लागतो. पण आईपाशी आणि भावंडांत असताना पिल्लू जे शिकतं ते नंतर माणसाला शिकवता येत नाही. खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ बंद पडतो, आई गुरकावते, त्यातून त्याला कळतं की दात कितपत लावायचे. हे शिक्षण अर्धवट टाकून आणलं की पुढचा वर्ग तुमच्या घोट्यांवर भरतो.

आणि परत जाल तेव्हा आईला नीट बघा. पिल्लांपेक्षा जास्त वेळ आईला द्या. अनोळखी माणूस आल्यावर ती काय करते, पिल्लाला हात लावल्यावर घाबरून मागे जाते का, भुंकून शांत होते की भुंकतच राहते. जमलं तर बापालाही बघा. सगळी पिल्लं कापसाची असतात, तुम्हाला पुढची बारा-पंधरा वर्षं राहायचंय ते मोठ्या झालेल्या कुत्र्यासोबत. आई दाखवायला कुणी का कू करत असेल तर तिथून निघायचं, मग पिल्लू कितीही गोड असो.

हसरा_डोंगर:

मी तर म्हणतो बारकाच घ्या. मोठा होऊनही एवढुसाच राहील, पिशवीत घालून कुठेही नेता येईल. हल्ली टीकप पॉम म्हणून लोक मुद्दाम शोधतात, तुम्हाला घरबसल्या मिळतोय. मुलीचं मनही राहील.

मांडीवरचं_ऊन:

हसरा_डोंगर, राग मानू नका पण हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. मी एका व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते, तर जे रोज दिसतं ते लिहिते.

टीकप नावाची जातच नाही. केनेल क्लबांच्या यादीत तसा कुठलाही आकार नाही, ते विकणाऱ्यांनी चिकटवलेलं लेबल आहे. पॉमचं वजन साधारण दीड ते सव्वातीन किलो धरतात, त्याच्याही खालचं हवं म्हणून वेतातली सगळ्यात किरटी पिल्लं एकमेकांशी जुळवत नेतात, किंवा सरळ कमी वयाचं पिल्लू जास्त वयाचं सांगून विकतात. अशा पिल्लांची हाडं काडीसारखी असतात, डोक्यावरची टाळू कधी कधी भरलेलीच नसते, आणि साखर तर कधी उतरेल सांगता येत नाही.

साखरेचं जरा सविस्तर सांगते कारण छोट्या जातीत सगळ्यात आधी हेच माहीत पाहिजे. इवल्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो. एक खाणं चुकलं, गारठलं, नव्या घरात बावरून जेवलं नाही, पाहुण्यांनी तासन्‌तास खेळवलं, एवढंही पुरतं. आधी ते मलूल होतं, मग दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, थरथरतं, वाढलं तर झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी बोटाने चोळायचं आणि तसंच डॉक्टरकडे पळायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. म्हणून पहिले तीन-चार महिने दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्यावं लागतं, रात्रीचं शेवटचं खाणं झोपायच्या जरा आधी.

दुसरं म्हणजे सोफा. छोट्या जातींचे पुढचे पाय मोडण्याचं आमच्याकडचं नेहमीचं कारण गाडी नाही, सोफ्यावरून नाहीतर लहान मुलाच्या हातातून पडणं हे आहे. मनगटाच्या वरचं हाड पेन्सिलपेक्षा बारीक असतं, तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायलाही त्रास देतं. लेक नऊ वर्षांची आहे म्हणजे समजूतदार असेल, तरी घरात नियम एकच ठेवा, पिल्लू घ्यायचं ते जमिनीवर बसून, उभं राहून कडेवर नाही. आणि सासूबाई काठी घेऊन चालतात म्हणालात, तर हे प्राणी सतत पायात येतात. पहिले काही महिने गळ्यात घुंगरू बांधा, आवाज आला की कळतं कुठे आहे. ही काळजी दोघांचीही आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची:

वरचं वाचून धागाकर्तीने घाबरून जाऊ नये, पण एकही अक्षर खोटं नाही. माझ्याकडे शित्झू आहे, वय झालंय आता त्याचं, तर मेहनतीबद्दल मी लिहितो.

छोटा कुत्रा म्हणजे कमी काम हा गैरसमज आहे. कमी काय असतं तर खाणं आणि जागा. बाकी कामं तेवढीच, काही तर जास्त. शू घ्या. मूत्राशय लहान, त्यामुळे जास्त वेळा जावं लागतं. पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास दिवसा थांबू शकतं असा एक ढोबळ हिशेब सांगतात, पण इवल्या जातीत त्याहून कमीच धरा. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळ झाला की लगेच ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं आणि काम झालं की त्याच क्षणी शाबासकी. लोक काय करतात, छोट्याची शू छोटी म्हणून पुसून टाकतात आणि शिकवत नाहीत, मग तीन वर्षांचा कुत्रा पडद्यापाशी पाय वर करतो आणि म्हणतात ही जातच हट्टी.

केस. शित्झूचे केस वाढतच राहतात, रोज विंचरलं नाही तर काखेत आणि कानामागे नमद्यासारख्या गाठी होतात आणि खालची कातडी ओढली जाऊन दुखते. आम्ही त्याचे केस आखूडच ठेवतो, कुत्रा खूश, आम्ही खूश. पॉमचं वेगळं आहे, त्याला दुहेरी कोट असतो, आत मऊ लोकर आणि वर राठ केस, तो उन्हाळ्यात गरम होतं म्हणून मशीनने सफाचट करायचा नसतो, काहींचे केस परत धड येतच नाहीत. विंचरायचं, झालं.

दात. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम. कुत्र्याला मोठेपणी 42 दात असतात, मग तोंड केवढंही असो. पॉमच्या त्या एवढ्याशा जबड्यात ते 42 दाटीवाटीने बसतात, मध्ये घाण अडकते, हिरड्या लवकर खराब होतात. शिवाय छोट्या जातीत दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत, सुळे तर दोन-दोन उभे राहतात शेजारी शेजारी. सहा-सात महिन्यांचं झालं की डॉक्टरला तोंड दाखवा, राहिलेले दुधाचे दात काढावे लागतात. आणि पिल्लू असल्यापासून बोटाला फडकं गुंडाळून दात घासायची सवय लावा. माणसाची टूथपेस्ट अजिबात नको, काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे.

विषावरून आठवलं, चॉकलेट, द्राक्षं-बेदाणे, कांदा-लसूण हे सगळ्याच कुत्र्यांना वाईट, पण तीस किलोच्या कुत्र्याने चॉकलेटचा तुकडा खाल्ला आणि अडीच किलोच्याने खाल्ला यात फरक आहे ना. लेकीच्या मैत्रिणींना पण सांगून ठेवा.

सावकाश:

पगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लेकीला सांगा की तो रडवेला दिसतो कारण त्याचं नाकच चेहऱ्यात दाबलं गेलंय. कवटी आखूड केली पण आतला मऊ भाग तेवढाच राहिला, तोंडातल्या टाळूचं लांब मांस श्वासाच्या वाटेत येतं, नाकपुड्या चिंचोळ्या. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि ज्याला श्वासच नीट घेता येत नाही तो उन्हात काय करणार. ते घोरण्याचे व्हिडिओ लोक हसून बघतात, मला नाही बघवत. घ्यायचाच असेल तर ज्याचे आईबाप चालून आल्यावर घरघर न करता श्वास घेतात, नाकपुड्या उघड्या आहेत, नाक जरा तरी बाहेर आहे असाच घ्यावा. डोळेही बाहेर आलेले असतात, ओरखडा पटकन बसतो.

डाक्सहुंड आवडत असेल तर तेही सांगून ठेवते, लांब पाठ, मणक्याच्या गाद्या सरकतात, जिने आणि उड्या बंद ठेवायची तयारी हवी.

पॉम त्या मानाने ठीक, फक्त आवाज. हा आर्क्टिककडच्या मोठ्या स्पिट्झ कुत्र्यांचा वंशज आहे, पूर्वी बराच मोठा असायचा, व्हिक्टोरिया राणी 1888 मध्ये इटलीला गेली होती तिथून तिने पॉम आणले आणि मग छोट्या आकाराची फॅशन आली. आकार उतरला, पहारेकऱ्याचा स्वभाव तसाच राहिला. लिफ्टचा आवाज, शेजारचं दार, कुरिअरवाला, सगळ्याची वर्दी मिळणार. भुंकलं की उचलून कुरवाळायचं नाही, नाहीतर त्याला वाटतं हेच काम आहे. शेजारी कसे आहेत ते बघा आधी :)

मुका_पोपट:

मांजर घ्या. विषय संपला.

निळी_छत्री:

मुका_पोपट, सासूबाईंना मांजरीची ॲलर्जी आहे, नाहीतर तेच केलं असतं.

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या लोकांशी बोलले, थोडी कुरकुर केली पण दहा आठवड्यांपर्यंत ठेवायला तयार झालेत. परवा परत जाणार आहे. लेकीला पगचं समजावलं, ती गप्प झाली आणि मग म्हणाली पण मग असे पग बनवतातच कशाला, याचं उत्तर मला देता आलं नाही.

आता मला सांगा, पिल्लू हातात घेऊन बघायचं काय काय? आणि नेटवर वाचलं की पिल्लाला उताणं धरून ठेवायचं, धडपडलं तर हट्टी आणि शांत राहिलं तर शहाणं, हे खरं आहे का?

मांडीवरचं_ऊन:

जेवून झोपलेल्या पिल्लांकडे जाऊ नका आणि एकदाच बघून ठरवू नका. मागच्या वेळी बारका कोपऱ्यात होता तो कदाचित नुकताच उठला असेल, किंवा खरंच आजारी असेल, दोन्ही शक्य आहे. वेगवेगळ्या वेळी गेलात तर कळेल.

आधी लांबूनच बघा, चालतं कसं. मध्येच एक मागचा पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडी घालून परत नीट चालायला लागलं तर गुडघ्याची वाटी सरकत असेल, छोट्या जातीत हे फार. लहान पिल्लात ते चटकन दिसत नाही, म्हणून आईच्या गुडघ्यांबद्दल पण विचारा. मग हातात घ्या, आकाराच्या मानाने भरीव वाटलं पाहिजे. पोट जेवल्यावर गोल असणं वेगळं आणि हाताला बरगड्या लागतायत पण पोट नगाऱ्यासारखं हे वेगळं, ते जंत. दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध दिलंय का विचारा, कागद मागा. ओठ वर करा, हिरड्या गुलाबी हव्यात, बोटाने दाबल्या की पांढऱ्या होऊन लगेच परत गुलाबी. दात वरखाली जुळतायत का. डोळे कोरडे आणि स्वच्छ, कानात काळा चुरा किंवा वास नको, शेपटीखाली चिकटलेलं काही नको. बेंबीपाशी मऊ गोळी (हर्निया) लागते का. डोक्यावर मधोमध अगदी हलक्या बोटाने टाळू बघा. नर असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरलीत का हे डॉक्टर बघतील. त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही असं, किल्ल्या वाजवा, कान हलायला हवेत. विशेषतः ठिपकेदार करड्या मर्ल रंगाचं असेल तर नक्की बघा. आई आणि बाप दोघंही मर्ल असले की काही पिल्लं बहिरी-आंधळी निघतात.

खोकला ऐकला तर थांबा. छोट्या जातीत श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडून ती चपटी होते, बदकासारखा कर्कश खोकला येतो, बहुतेकदा मोठेपणी, म्हणून आईला तसा खोकला आहे का तेही बघा. आणि तुम्ही पट्टा गळ्यात न घालता छातीचा हार्नेसच घ्या, पहिल्या दिवसापासून.

सावकाश:

उताणं धरण्याची चाचणी विसरा. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लावर केलेल्या अशा चाचण्यांवरून मोठेपणीचा स्वभाव फारसा कळत नाही, आणि त्या वयात उताणं दाबून धरलं तर पिल्लू फक्त घाबरतं. मी काय करते सांगू, किल्ल्या किंवा डबा जरा लांब टाकते, सगळी पिल्लं दचकतात, दचकण्याचं काही नाही, पण दचकल्यावर किती वेळात सावरून वास घ्यायला येतं ते बघते. जे येतं, मग ते सगळ्यात पहिलं येवो नाहीतर जरा थांबून, ते घरात रुळतं. जे कोपऱ्यातून बाहेरच येत नाही त्याला अनुभवी घर लागतं. ज्या घरात लहान मूल आहे आणि कुत्र्याची पहिलीच वेळ आहे तिथे नको.

पण नाडीला लटकणारीही विचार करून घ्या बरं का, ते पिल्लूच आपल्याला निवडतं वगैरे गोड बोलणं आहे. जे सगळ्यात धीट असतं ते प्रत्येकाच्याच पायाशी येतं.

आणि तीन ते साधारण बारा-चौदा आठवडे हा काळ फार महत्त्वाचा, यात जे बघितलं-ऐकलं त्याची भीती पुढे राहत नाही. दहाव्या आठवड्यात आणणार म्हणजे तुमच्या हातात थोडेच दिवस. आधीचे दिवस ते कसे घालवतायत तेही विचारा, पिल्लं माणसांत वाढतायत की मागच्या खोलीत. लसी पूर्ण व्हायच्या असतील, सोळा आठवडे उलटेपर्यंत डोस चालू असतात, त्यामुळे जिथे बाकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर ठेवू नका, पण कुशीत घेऊन बाहेर न्या, छत्री उघडणारा माणूस, काठीवाले आजोबा, सायकल, कुकरची शिट्टी, सगळं दाखवा. घरातल्या काठीची सवय तर आपोआप होईल.

निळी_छत्री:

अपडेट देते. परत जाऊन आले, जाताना त्यांच्या परवानगीने एका व्हेटना बरोबर नेलं. आईच्या अंगाखांद्यावर पिल्लं पडत होती तरी ती शांत, आम्हाला भुंकली आणि मग वास घेऊन बसली. मादीत काही दोष नाही म्हणाले, डबा टाकल्यावर पळाली आणि लगेच येऊन त्यात तोंड घातलं. बारक्याच्या हृदयात हलका आवाज ऐकू आला, लहान पिल्लांत असतो आणि बऱ्याचदा चार-पाच महिन्यांपर्यंत आपोआप जातो असं म्हणाले, पण परत तपासायला हवा. वजनही बाकीच्यांपेक्षा बरंच कमी. ते लोक स्वतःच म्हणाले की याला आम्ही ठेवतो. मला हायसं वाटलं, लेक गाडीत रडली, घरी येईपर्यंत मादीसाठी अकरा नावं काढून झाली होती.

हसरा_डोंगर:

टीकपवाल्या प्रतिसादाबद्दल बोलून घ्या मला आता :) पण विचारतो, एवढं सगळं असेल तर छोट्या जातीला फिरवायचं किती? की घरातल्या घरात पुरतं?

कोपऱ्यातली_खुर्ची:

घरातल्या घरात पुरत नाही. अंतर कमी लागतं, बाहेर जाणं तेवढंच लागतं. वास घेत हळूहळू दोन-तीनदा वीस-वीस मिनिटं, पाय जमिनीवर ठेवून. उचलून फिरवणं म्हणजे फिरवणं नव्हे. समोरून दुसरा कुत्रा आला की झटकन उचलायची सवय लागली की तो वरून भुंकायला शिकतो. त्याला बाजूला घेऊन जा, धोका असेल तरच उचला. आणि वजनावर लक्ष ठेवा, अडीच किलोच्या कुत्र्याला पाव किलो वाढलं म्हणजे माणसाला सहा-सात किलो वाढल्यासारखं आहे, गुडघे आणि श्वासनलिका दोन्हीला भार. बिस्किटाचा तुकडा द्यायचा तर नखाएवढा.

रात्रपाळी:

निळी_छत्री, छान झालं. आणायच्या दिवशी सकाळी जा, म्हणजे रात्रीपर्यंत घर ओळखीचं होईल. आधी आपलं एखादं मऊ फडकं त्यांच्याकडे नेऊन ठेवा, आई आणि भावंडं त्यावर झोपू देत, तेच फडकं घेऊन या. जे खातंय तेच खाणं आठवडाभर तरी चालू ठेवा आणि बदलायचं असेल तर थोडं थोडं मिसळत बदला. पहिल्या रात्री तिची पेटी तुमच्या पलंगाशेजारी, दुसऱ्या खोलीत नाही. पाहुणे पहिल्या आठवड्यात बोलावू नका, लेकीच्या मैत्रिणींनाही नाही. पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात आणि झोपेतून उठवलं की खाणं चुकतं, खाणं चुकलं की वर लिहिलंय ते. मधाची बाटली हाताशी असू द्या.

नावांच्या अकरा पर्यायांसाठी वेगळा धागा काढा, तिथे दोनशे प्रतिसाद येतील.